वेगाचा बागुलबुवा

कोरियन लीगमधला एखादा होमरनवीर अमेरिकेच्या मेजर लीगशी करार करतो, तेव्हा त्याने तिथे बॅट हातात घेण्यापूर्वीच त्याच्यावरचा निकाल तयार असतो. तिकडचे पिचर संथ, इकडचे वेगवान. तिकडचे होमरन संथ चेंडूंवरचे. इकडे ताशी दीडशे किलोमीटरचा फास्टबॉल आला की याची बॅट उशिरा पोचणार. पुढे तो चालला नाही, तर भाकीत खरे ठरले म्हणायचे. चालला, तर तो अपवाद म्हणायचा. ज्या मताला कोणताही पुरावा खोटे पाडू शकत नाही, ते मत मुळातूनच तपासायला हवे. या मताच्या पाठीराख्यांचा सर्वांत लाडका दाखला आहे पार्क ब्युंग-हो, म्हणून तपासणीची सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

पार्क हा नेक्सेन हीरोज संघाचा पहिल्या बेसवरचा खेळाडू. २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षे कोरियन लीगमध्ये सर्वाधिक होमरन त्याचे होते: ३१, ३७, ५२ आणि ५३. मिनेसोटा ट्विन्सने त्याच्याशी बोलणी करण्याच्या हक्कापोटी हीरोजला १ कोटी २८ लाख ५० हजार डॉलर मोजले आणि त्याला चार वर्षांसाठी १ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. २०१६ च्या मोसमात तो ६२ सामने खेळला. सरासरी ०.१९१. प्लेटवरच्या २४४ पाळ्यांत ८० स्ट्राइकआउट. जुलैच्या पहिल्या दिवशी त्याची रवानगी रॉचेस्टरच्या मायनर लीग संघात झाली आणि मेजर लीगचे मैदान त्याला पुन्हा दिसले नाही. एवढ्या ऐवजावर 'कोरियन फलंदाजाला वेग झेपत नाही' हा सिद्धांत उभा आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ राहत नाही, म्हणून तो पुऱ्या ताकदीने मांडतो. त्या काळात कोरियन लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी १४० किलोमीटरच्या थोडा पुढे होता. मेजर लीगमध्ये तो दीडशेला टेकला होता. पिचरची पट्टी ते प्लेट हे अंतर १८.४४ मीटर. हात पुढे आल्यावर चेंडू सुटतो हे धरले, तर फलंदाजाला मिळतात सुमारे चार दशांश सेकंद, आणि दोन लीगमधल्या वेगाच्या फरकाने त्यातले दोन-अडीच शतांश सेकंद कमी होतात. हा फरक खरा आहे. हीरोजचे तेव्हाचे मोकडोंग मैदान छोटे होते, हेही खरे. कोरियन लीगचा चेंडू तेव्हा जास्त उसळीचा होता, हे तर लीगनेच मान्य केले: २०१९ मध्ये चेंडूची उसळी मुद्दाम कमी केली आणि लीगमधले एकूण होमरन आदल्या वर्षीच्या १,७५६ वरून १,०१४ वर आले. तेव्हा ५३ हा आकडा जसाच्या तसा अमेरिकेत नेता येत नाही, यात वाद नाही.

वाद पुढच्या पायरीवर आहे. वेगाचा फरक आहे, म्हणून वेग हेच अपयशाचे कारण, असे म्हणायला एक गोष्ट दाखवावी लागते: जिथे जिथे हे कारण असेल, तिथे तिथे तो परिणाम दिसला पाहिजे. न्यायशास्त्रात असा हेतू मोडण्यासाठी एकच उलटे उदाहरण पुरते; तेवढ्याने तो सव्यभिचारी ठरतो. असे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. ते पार्कच्या शेजारी, त्याच डगआउटमध्ये बसलेले होते.

कांग जुंग-हो २०१४ मध्ये पार्कचाच सहकारी होता. तोच संघ, तेच मोकडोंग, तेच संथ म्हणवले जाणारे पिचर, तोच उसळीचा चेंडू. त्या वर्षी पार्कचे ५२ होमरन, कांगचे ४०. कांग पार्कच्या एक वर्ष आधी पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला. त्याच्याबद्दलची शंका तर आणखी नेमकी होती: चेंडू येताना तो पुढचा पाय उंच उचलतो, मेजर लीगच्या वेगापुढे ही चैन परवडणार नाही. त्याने पाय उचलणे सोडले नाही. दोन स्ट्राइक झाल्या की तेवढा तो पाय खाली ठेवून खेळायचा. २०१५ मध्ये १२६ सामन्यांत त्याची सरासरी ०.२८७ राहिली, १५ होमरन झाले, आणि नॅशनल लीगच्या उत्कृष्ट नवोदितांच्या मतदानात तो तिसरा आला. ताशी १५० किलोमीटरच्या पुढच्या फास्टबॉलवर तर तो त्या वर्षी चांगल्यांतल्या चांगल्यांत मोजला गेला. सप्टेंबरात दुसऱ्या बेसवर अंगावर घसरत आलेल्या धावपटूमुळे त्याचा गुडघा मोडला. परत येऊन २०१६ मध्ये अवघ्या १०३ सामन्यांत २१ होमरन. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन फलंदाजांपैकी एक पहिल्याच वर्षी रुळतो आणि दुसरा रुळत नाही, तेव्हा दोघांना समान असलेली गोष्ट त्या फरकाचे कारण असूच शकत नाही.

फरक कुठे होता, हे त्यांच्या घरच्या आकड्यांतच वाचता येत होते. कांग कोरियात साधारण पाच पाळ्यांत एकदा स्ट्राइकआउट होई; अमेरिकेतल्या पहिल्या वर्षीही पाचांत एकदाच झाला. पार्क कोरियातल्या शेवटच्या मोसमात १६१ वेळा स्ट्राइकआउट झाला होता, म्हणजे जवळजवळ चार पाळ्यांत एकदा. अमेरिकेत ते प्रमाण तीनांत एकदा झाले. बॅट हवेत फिरवण्याची त्याची सवय जुनी होती. ती मिनेसोटात वाढली, जन्मली नाही. आणि चेंडू बॅटवर आला तेव्हा काय झाले, हे निकाल देणारे सांगतच नाहीत. त्या ६२ सामन्यांत त्याने १२ होमरन मारले, म्हणजे दर अठरा अॅट-बॅटला एक. हा वेग वर्षभर टिकता तर तीसच्या घरात होमरन झाले असते. त्यातला एप्रिलमधला एक टार्गेट फील्डवर सुमारे १४० मीटर लांब गेला. ज्याची बॅट वेगापुढे पोचतच नाही, त्याच्याकडून असे फटके निघत नाहीत.

त्याच एप्रिलमध्ये सिएटलला आणखी एक गोष्ट घडली. ली दे-हो तेव्हा तेहतीस वर्षांचा, भारी शरीराचा, कोरिया आणि जपान दोन्हीकडे नाव कमावलेला. मरिनर्सनी त्याला मायनर लीगचा करार देऊन सरावाला बोलावले होते. संघात जागा त्याने तिथे झगडून मिळवली. १३ एप्रिलला टेक्ससविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये २-२ बरोबरी असताना त्याला बदली फलंदाज म्हणून पाठवले. समोर डावखुरा जेक डीकमन. दोन चेंडूंत दोन स्ट्राइक. तिसरा चेंडू ताशी १५६ किलोमीटरचा फास्टबॉल, आणि तो डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत जाऊन पडला. सामना तिथेच संपला. बाकावर थंड बसून आलेला माणूस, मेजर लीगमधला दुसराच आठवडा, दोन स्ट्राइकची कोंडी, आणि ज्याची सर्वांनी भीती घातली होती नेमका तोच चेंडू. एका फटक्याने सिद्धांत ठरत नसतो हे मला मान्य आहे. पण मग एका पार्कनेही तो ठरू नये.

उलट दिशेचा दाखला याहून बोलका आहे. एरिक थेम्स हा अमेरिकन फलंदाज मेजर लीगमध्ये जम न बसल्याने २०१४ मध्ये कोरियात एनसी डायनोजकडे गेला. तिथे तीन वर्षांत त्याने १२४ होमरन मारले. २०१५ मध्ये ४७ होमरन आणि ४० बेसचोऱ्या करून लीगच्या इतिहासातला पहिला चाळीस-चाळीसवाला ठरला. संथ पिचिंगने फलंदाज बिघडतो हे मत खरे असते, तर तीन वर्षे ते खाऊन आलेला थेम्स अमेरिकेत पहिल्याहून वाईट ठरायला हवा होता. २०१७ मध्ये तो मिलवॉकीला परतला, एका एप्रिल महिन्यात ११ आणि मोसमात ३१ होमरन मारले. कोरियात फास्टबॉल कमी आणि वळणारे, फसवे चेंडू जास्त मिळत. त्यांनी आपल्याला थांबायला शिकवले, असे तो स्वतः सांगत असे. २०१७ मधले त्याचे वॉक पाहिले की ते पटते. ज्या पिचिंगला आपण पोकळ समजतो, त्याने एका फलंदाजाला नजर दिली होती.

मग नवख्या कोरियन फलंदाजाला अडचण येते ती कसली? माझ्या मते ती ओळखीची आहे. मेजर लीगमधला जोरकस स्लायडर ताशी १४० किलोमीटरला येतो. कोरियात ज्या वेगाला शरीर दहा-बारा वर्षे फास्टबॉल म्हणून ओळखत आले, त्याच वेगाने येणारा हा चेंडू प्लेटपाशी येऊन बाजूला आणि खाली पळतो. फलंदाज हुकतो, आणि पाहणारा म्हणतो, वेग झेपला नाही. प्रत्यक्षात त्याने वेग बरोबर पकडलेला असतो; वस्तू ओळखण्यात तो चुकलेला असतो. पुढच्या वेळी या स्लायडरच्या धास्तीने तो क्षणभर थबकतो, आणि मग खरा फास्टबॉल छातीच्या उंचीवरून निघून जातो. क्रिकेटमध्ये गुगली हातातून ओळखणारा आणि टप्पा पडल्यावर ओळखणारा यांच्यात जो फरक, तोच हा. दोन-अडीच शतांश सेकंदांची तूट शरीर सरावाने भरून काढते. आजकाल त्यासाठी लागेल तेवढ्या वेगाची यंत्रे आहेत. पण हातातून चेंडू ओळखणे वेगाच्या यंत्रावर शिकता येत नाही. त्यासाठी तोच पिचर, तोच हात, तोच चेंडू पुन्हा पुन्हा पाहावा लागतो.

आणि इथेच दोन लीगची रचना वेगळी पडते. कोरियात दहा संघ आहेत. २०१५ पासून १४४ सामन्यांच्या मोसमात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी सोळा वेळा गाठ पडते. एकाच पिचरला फलंदाज वर्षातून अनेकदा भेटतो आणि काही वर्षांत त्याला अंगठ्यापासून ओळखू लागतो. त्या काळात प्रत्येक संघात दोन परदेशी पिचर असू शकत आणि बहुधा तेच पहिले-दुसरे स्टार्टर असत, म्हणजे मेजर लीगचा वेग कोरियात अजिबात पाहायला मिळत नसे, हेही खरे नाही. अमेरिकेत तीस संघ. सातव्या इनिंगपासून दर इनिंगला नवा रिलीव्हर, त्यातल्या कित्येकांशी वर्षात एकदाच गाठ. पहिल्या वर्षी फलंदाजाला प्रत्येक हात परका असतो. त्याच वेळी त्याचा प्रत्येक हुकलेला फटका कॅमेऱ्यांनी मोजलेला असतो आणि महिन्याभरात साऱ्या लीगच्या पिचरांना त्याची दुखरी जागा कळलेली असते. एप्रिलमध्ये पार्कने सहा होमरन मारले आणि जूनमध्ये तो पार ढासळला, याचे निम्मे उत्तर यात आहे. एप्रिल आणि जूनमध्ये लीगचा वेग बदललेला नव्हता. लीगला तो कळला होता. त्याला लीग कळायची होती.

ती कळायला पाळ्या लागतात. आणि पाळ्या कोणाला मिळतात, हे बॅटवर थोडे आणि बाकीच्या गोष्टींवर फार ठरते. माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

किम हा-सॉन्गचेच पाहा. सॅन डिएगो पॅड्रेजमध्ये २०२१ चा त्याचा पहिला मोसम: ११७ सामने, सरासरी ०.२०२, होमरन ८. वेगवान फास्टबॉलवर तो चाचपडत होता, आणि वेगवाद्यांनी त्याची फाइल बंद करून टाकली होती. पण त्याचा ग्लोव्ह उत्तम होता. शॉर्टस्टॉप, दुसरा बेस, तिसरा बेस, कुठेही उभा करा. म्हणून बॅट चालत नसतानाही तो मैदानावर राहिला. २०२२ मध्ये संघाचा शॉर्टस्टॉप फर्नांडो टाटिस आधी दुखापतीमुळे आणि मग बंदीमुळे वर्षभर बाहेर राहिला आणि शॉर्टस्टॉपची जागा किमकडे आली. त्या वर्षी सरासरी ०.२५१. २०२३ मध्ये ०.२६०, १७ होमरन, ३८ बेसचोऱ्या आणि गोल्ड ग्लोव्ह. माणूस तोच, बॅट तीच. दरम्यान मेजर लीगचे पिचर संथ झाले नव्हते, उलट त्यांचा वेग वाढलाच होता. त्याला मिळाल्या त्या हजारभर पाळ्या, आणि त्या मिळवून दिल्या त्याच्या क्षेत्ररक्षणाने.

किम ह्यून-सूला पाळ्या मिळवून दिल्या त्या करारातल्या एका कलमाने. २०१६ च्या वसंत सरावात बाल्टिमोरकडून खेळताना त्याच्या पहिल्या २३ अॅट-बॅटमध्ये एकही हिट नव्हता. संघाने त्याला मायनर लीगमध्ये जायला सांगितले; करारातल्या हक्काने त्याने नकार दिला. मोसमाच्या पहिल्या दिवशी घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्या मोसमात ९५ सामन्यांत त्याची सरासरी होती ०.३०२, आणि सप्टेंबरअखेरीस टोरांटोत नवव्या इनिंगमध्ये बदली फलंदाज म्हणून येऊन त्याने रोबेर्तो ओसुनाला मारलेला होमरन सामना जिंकून गेला. ते कलम नसते तर सरावातले ते २३ अॅट-बॅट हाच त्याच्यावरचा अखेरचा शब्द झाला असता, आणि आपण आज त्यालाही वेगाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो असतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा बाकावर गेला आणि सरासरी ०.२३१ वर आली, हेही सांगितले पाहिजे; माझ्या मुद्द्याला ते बाधक नाही, पूरकच आहे. कांगचेही तसेच. सोलमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणानंतर त्याला व्हिसा मिळाला नाही, जवळजवळ दोन मोसम बुडाले आणि २०१९ मध्ये तो ०.१६९ वर घसरला. २०१५ मध्ये हाच वेग त्याला झेपत होता. बुडाले ते खेळणे.

आता पार्क. त्याच्याकडे शॉर्टस्टॉपचा ग्लोव्ह नव्हता. पहिला बेस किंवा नुसता नेमलेला फलंदाज, म्हणजे बॅट थांबली की त्याला ठेवायला दुसरे कारणच नाही. संघ कोणता, तर २०१६ चे ट्विन्स: मोसमाचे पहिले नऊ सामने हरलेले आणि शेवटी १०३ पराभवांवर थांबलेले. त्याला आणणारे महाव्यवस्थापक टेरी रायन यांना जुलैमध्ये काढले. ऑगस्टमध्ये पार्कच्या उजव्या हातावर शस्त्रक्रिया झाली. तो हात आधीपासून दुखत होता. ज्याच्या खेळाचे सगळे भांडवल बॅटच्या झपाट्यात आहे, त्याचा हात दुखत असताना काढलेली सरासरी वेगाच्या सिद्धांताचा पुरावा म्हणून कशी चालते? फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्या व्यवस्थापनाने त्याला चाळीस जणांच्या यादीतून काढले. पुढच्याच महिन्यात वसंत सरावात त्याने ०.३५३ ची सरासरी आणि ६ होमरन दिले. तरी त्याला रॉचेस्टरला धाडले आणि त्या जागी एक जास्तीचा पिचर ठेवला. सरावातल्या आकड्यांचे मोल कमी असते, हे मान्य. पण मग किम ह्यून-सूच्या वेळी तेच आकडे निर्णायक कसे होते? रॉचेस्टरच्या त्या वर्षात पार्कने दार ठोठावावे असे काही केले नाही, ०.२५३ वर राहिला, हे मी लपवत नाही. त्याच्यात दोष होते. त्याला स्ट्राइकआउटचे दुखणे होते आणि ते बरे झाले नाही. परंतु दोष असणे वेगळे आणि ते दोष त्याच्या देशाच्या लीगचे असणे वेगळे.

वयाचाही विचार कोणी करत नाही. कोरियन नियमानुसार सात पूर्ण मोसम झाल्याशिवाय खेळाडूला लिलावाच्या वाटेने परदेशी जाता येत नाही, आणि मध्ये लष्करी सेवा आहे. पार्कने २००७ आणि २००८ ही वर्षे लष्कराच्या संघात काढली. मिनेसोटात तो तिशीला टेकला होता. सॅन डिएगोत आला तेव्हा किम हा-सॉन्ग पंचवीसचा होता, कारण २०१८ च्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाने त्याची लष्करी सेवा माफ झाली होती. पंचविशीतल्या नवख्याला 'शिकतोय' म्हणतात, तिशीतल्याला 'झेपत नाही' म्हणतात. जपानचा हिदेकी मात्सुई २००२ मध्ये योमिउरीसाठी ५० होमरन मारून यांकीजकडे आला आणि पहिल्या वर्षी १६ वर थांबला. यांकीजने त्याला रोज खेळवले; दुसऱ्या वर्षी ३१ झाले. पार्कला दुसरे वर्ष मिळालेच नाही.

शेवटचा आक्षेप उरतो. २०१८ मध्ये पार्क कोरियात परतला आणि ११३ सामन्यांत ४३ होमरन मारले. मग संथ पिचिंगच त्याला मानवत होते, हे सिद्ध झाले की नाही? तोवर त्याचा हात बरा झाला होता, ही गोष्ट आक्षेप घेणारे सोडून देतात. आणि उसळीच्या चेंडूचे म्हणाल, तर २०१९ मध्ये तो चेंडूच गेला, लीगभर होमरन कोसळले, आणि पार्कने ३३ मारून पुन्हा पहिला क्रमांक घेतला. २०२२ मध्ये केटी विझकडून, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याच निस्तेज चेंडूवर त्याने ३५ मारले. लीगमध्ये त्याच्यापुढे कोणी नव्हते. एकोणतिसाव्या वर्षी त्याची बॅट संथ होती असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी आधी या पस्तिसांचा हिशेब द्यावा.